शरीर तेच, प्राण नवा: चालू प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा कसा सुरू करतो

लिनक्सचं किंवा मॅकचं टर्मिनल उघडा आणि 'इको $$' टाइप करा (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय). समोर एक आकडा येईल, समजा ४१२७. हा तुमच्या शेलचा (टर्मिनलमध्ये कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पीआयडी, म्हणजे कर्नलच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दफ्तरात त्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, मिळालेला क्रमांक. आता 'सीडी' करून दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीत जा. कलर नावाचा एक व्हेरिएबल तयार करून त्यात काहीही ठेवा, पण तो एक्स्पोर्ट करू नका (एक्स्पोर्ट केलेलाच व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामला मिळतो). मग टाइप करा 'एक्झेक बॅश'. काहीच घडलं नाही असं वाटेल. पुन्हा 'इको $$' करून बघा: तोच ४१२७. डिरेक्टरीही तीच. पण कलरमध्ये काय आहे ते विचारा, उत्तर कोरं येईल.

मधल्या क्षणी जुना शेल संपला आणि त्याच जागी, त्याच क्रमांकावर नवा शेल उभा राहिला. चालू प्रोग्राम स्वतःला पुन्हा सुरू करतो तो याच वाटेने. आपल्याकडे परकायाप्रवेशाची कल्पना जुनी आहे: शरीर एकाचं, प्राण दुसऱ्याचा. एक्झेक अगदी तेच करतो. प्रोसेस हे शरीर, प्रोग्राम हा प्राण. आपण बघणार आहोत तो प्रकार थोडा निराळा, कारण इथे प्रोग्राम आपल्याच शरीरात नव्याने शिरतो. ही युक्ती एका ओळीत लिहून होते. खरा अभ्यास लागतो तो शरीरासोबत काय टिकतं आणि प्राणासोबत काय जातं, हे समजून घ्यायला.

युनिक्समध्ये नवा प्रोग्राम सुरू करण्याचं काम दोन हिश्शांत वाटलेलं आहे. फोर्क ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी, चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल करते, तिला नवा पीआयडी मिळतो. एक्झेक नवी प्रोसेस तयार करत नाही. चालू प्रोसेसची मेमरी रिकामी करून तो दिलेली फाइल तिथे चढवतो आणि पहिल्या सूचनेपासून चालवायला लागतो. शेलमध्ये आपण एखादी कमांड देतो तेव्हा आधी फोर्क होतो, मग त्या नकलेत एक्झेक. फोर्क गाळून नुसता एक्झेक केला आणि फाइल म्हणून स्वतःचीच दिली, की झालं पुनरारंभाचं काम.

या दोघांत एक्झेकचं मूळ जास्त जुनं. १९६९-७० च्या सुमारास पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स घडत होतं, तेव्हाच्या शेलबद्दल डेनिस रिची यांनी सविस्तर लिहून ठेवलं आहे. त्या काळी फोर्क नव्हताच. शेल एक चिमुकला प्रोग्राम मेमरीच्या वरच्या टोकाला ठेवायचा आणि त्याच्याकडे सूत्रं सोपवायचा. तो चिमुकला प्रोग्राम कमांडची फाइल शेलच्याच डोक्यावर वाचून घ्यायचा. कमांड संपली की सिस्टिम शेलची ताजी प्रत पुन्हा तिथे आणायची. म्हणजे प्रत्येक कमांडनंतर शेल नव्याने जन्म घेत होता. फोर्क पुढे आला, आणि रिची सांगतात की पीडीपी-७ वर त्याला असेंब्लीच्या मोजून २७ ओळी लागल्या.

प्रोग्रामला स्वतःला पुन्हा सुरू करावंसं का वाटावं? सगळ्यात साधं कारण म्हणजे काही गोष्टी फक्त सुरुवातीलाच ठरतात. शेअर्ड लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सुरू होताना बाहेरून मिळणारी नाव-किंमत जोडी) लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग, एकदाच, प्रोग्राम चढताना वाचतो. नंतर प्रोग्रामने तो कितीही बदलला तरी त्याच्या स्वतःच्या लोडरला फरक पडत नाही. पायथनमधल्या पायथनहॅशसीड या व्हेरिएबलचंही असंच. अशा वेळी प्रोग्राम व्हेरिएबल बसवतो आणि स्वतःवरच एक्झेक करतो, म्हणजे दुसऱ्या जन्मी तो सुरुवातीपासून लागू असतो.

दुसरं कारण सुरक्षिततेचं, आणि मला ते फार देखणं वाटतं. दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करू देणारा ओपनएसएसएचचा सर्व्हर प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी फोर्क करतो. पण फोर्क ही नक्कल, त्यामुळे मेमरीतले पत्तेही मूळ प्रोसेसचेच उतरतात. हल्लेखोराला चकवण्यासाठी सिस्टिमने पत्ते उलटसुलट केलेले असतात, पण ते एकदाच, सर्व्हर सुरू होताना. एका कनेक्शनवर अंदाज बांधत गेलं की तो अंदाज पुढच्या कनेक्शनवरही कामी येऊ शकतो. म्हणून २००४ मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीपासून हा सर्व्हर फोर्कनंतर स्वतःवर एक्झेक करू लागला, आणि प्रत्येक कनेक्शनला पत्त्यांची नवी फेरफार मिळू लागली (२०२४ मधल्या ९.८ आवृत्तीपासून तो स्वतःऐवजी एका वेगळ्या सोबती प्रोग्रामवर एक्झेक करतो). हा सर्व्हर पूर्ण पाथ न देता सुरू केला तर तो नकार देतो आणि पूर्ण पाथ लागेल असं स्पष्ट सांगतो, त्याचं मूळही इथेच आहे. पुढे स्वतःला शोधायचं असेल तर आपला पत्ता पक्का माहीत हवा.

तिसरं कारण, मरायची मुभाच नसणं. लिनक्सवर पीआयडी १ असलेली प्रोसेस संपली तर कर्नल पॅनिक होतो, सगळं यंत्र थांबतं. मग त्या प्रोसेसची नवी आवृत्ती बसवायची कशी? बहुतेक लिनक्सवर पीआयडी १ असणाऱ्या सिस्टिमडीने याचं उत्तर डीमन-रीएक्झेक या कमांडमध्ये दिलं आहे. कोणत्या सर्व्हिस चालू आहेत, त्यांचे पीआयडी कोणते, हे सगळं तो लिहून काढतो, त्या लिखाणाचा उघडा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक, त्याबद्दल पुढे येईलच) हाताशी ठेवतो आणि नव्या बायनरीवर, म्हणजे प्रोग्रामच्या चालवता येणाऱ्या फाइलवर, एक्झेक करतो. 'डीसिरियलाइझ' हा पर्याय आणि डिस्क्रिप्टरचा क्रमांक सोबत जातो, त्यावरून नवा प्रोग्राम आधीच्याने सोडलेलं वाचून पुढे चालू लागतो. पीआयडी सतत १ च असतो.

आता टिकतं काय आणि जातं काय. इथे घाई करू नये.

मेमरी पूर्ण जाते. व्हेरिएबल, हीप, स्टॅक, मॅप केलेल्या फाइली, सगळं. एक्झेकला हाक मारणाऱ्या थ्रेडखेरीज (थ्रेड म्हणजे एकाच प्रोसेसमधला कामाचा स्वतंत्र धागा) बाकीचे थ्रेड जिथे असतील तिथे संपतात, मग ते फाइल अर्धी लिहून थांबलेले का असेनात. पीआयडी, पालक प्रोसेस, चालू डिरेक्टरी, नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा यूमास्क, रिसोर्सच्या मर्यादा हे टिकतं. पालकाला काही कळतही नाही: तो मूल संपण्याची वाट बघत असेल तर बघतच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने मूल संपलेलंच नाही. याची दुसरी बाजू लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या प्रोग्रामने आधी सुरू केलेली मुलं तुमचीच राहतात, पण नव्या जन्मात तुम्हाला त्यांची आठवण नसते. ती संपली की त्यांची नोंद घेणारं कोणी उरत नाही आणि पीएस या कमांडने दाखवलेल्या प्रोसेसच्या यादीत ती झोंबी म्हणून दिसत राहतात.

उघडे फाइल डिस्क्रिप्टर टिकतात, आणि या सगळ्या खटाटोपाचं मोल त्यात आहे. डिस्क्रिप्टर म्हणजे प्रोसेसकडे असलेला छोटा आकडा: ०, १, २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी, ३ पासून पुढे तुम्ही उघडाल ते. त्या आकड्यामागची खरी वस्तू, मग ती फाइल असो की नेटवर्कचं सॉकेट, कर्नलजवळ असते. तुमची मेमरी पुसली गेली तरी तिला धक्का लागत नाही. त्यामुळे १०० जण सर्व्हरला जोडलेले असताना सर्व्हर स्वतःला पुन्हा सुरू करू शकतो आणि कोणाचंही कनेक्शन तुटत नाही. टेक्स्टवर चालणाऱ्या, अनेकांनी एकत्र खेळायच्या मड खेळांचे सर्व्हर कॉपीओव्हर नावाने हेच करत आले आहेत. कुठल्या क्रमांकावर कोणता खेळाडू, याची यादी फाइलमध्ये लिहायची, एक्झेक करायचं, नव्या जन्मी यादी वाचून खेळ पुढे चालवायचा. आयआरसी या चॅटच्या इरसी आणि वीचॅट या प्रोग्रामांतली 'अपग्रेड' कमांडही याच जातीची.

कनेक्शन टीएलएसचं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, असेल तर मात्र अडतं. सॉकेट कर्नलजवळ सुखरूप असतं, पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सहसा प्रोग्रामच्या मेमरीत असतात आणि त्या मेमरीसोबत जातात. समोरून येणारे बाइट मिळतात, त्यांचा अर्थ लावता येत नाही.

डिस्क्रिप्टर टिकू द्यायचा नसेल तर त्यावर क्लोज-ऑन-एक्झेक अशी खूण करता येते, मग एक्झेकच्या क्षणी कर्नल तो बंद करतो. लिनक्समध्ये २.६.२३ आवृत्तीपासून फाइल उघडतानाच ओ_क्लोएक्झेक देऊन ही खूण लावता येते. आधी उघडायचं आणि मग खूण करायची असं दोन पायऱ्यांनी केलं, तर मधल्या फटीत दुसरा थ्रेड फोर्क आणि एक्झेक उरकू शकतो, आणि डिस्क्रिप्टर नको त्या प्रोग्रामच्या हाती जातो. पायथन ३.४ पासून नवे डिस्क्रिप्टर आपोआप न टिकणारे असतात, गो भाषेतही फाइल उघडली की ही खूण लागते. त्यामुळे या भाषांत एखादं सॉकेट पुढच्या जन्मी न्यायचं असेल तर ती खूण मुद्दाम काढावी लागते. सीमध्ये साधं ओपन वापरलं तर नेमकं उलट: लॉग फाइल टिकते, नवा जन्म ती पुन्हा उघडतो, आणि दर पुनरारंभाला एक डिस्क्रिप्टर वाढत जातो. मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते, म्हणून हे दुखणं कितीतरी दिवसांनी वर येतं.

अधिकारांचंही तसंच. रूट म्हणून सुरू होऊन, पोर्ट ८० धरून, मग साध्या युजरचे अधिकार घेणारा सर्व्हर एक्झेकनंतर साधा युजरच असतो. गेलेले अधिकार परत येत नाहीत. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत १०२४ च्या खालचं पोर्ट त्याला पुन्हा धरता येणार नाही. म्हणून ऐकणारं सॉकेटच पुढे न्यायचं आणि त्याचा क्रमांक एन्व्हायर्नमेंटमधून कळवायचा.

एन्व्हायर्नमेंट हा निरोप पोचवण्याचा सोपा मार्ग आहे, पण तो आपोआप टिकत नाही. एक्झेकव्हीई या मूळ सिस्टिम कॉलला आर्ग्युमेंटची आणि एन्व्हायर्नमेंटची यादी आपणच द्यावी लागते, दिलं नाही तर नवा प्रोग्राम कोऱ्या हातांनी उठतो. लिनक्सवर एका स्ट्रिंगची कमाल लांबी १२८ किलोबाइट. मोठी स्थिती न्यायची असेल तर ती फाइलमध्ये लिहून डिस्क्रिप्टर पुढे देणंच बरं.

'स्वतःची फाइल द्यायची' हे मी वर सहज म्हणून गेलो. पण प्रोग्रामला स्वतःची फाइल कोणती हे कळतं कुठून? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, आर्ग्युमेंटच्या यादीतला शून्यावा घटक. तो निव्वळ रिवाज आहे. सुरू करणारा तिथे काहीही लिहू शकतो. लॉगिन शेलच्या नावाआधी तिथे एक आडवी रेघ असते. आणि नाव 'डॉट-स्लॅश' असं सापेक्ष असेल आणि मधे प्रोग्रामने डिरेक्टरी बदलली असेल, जे डीमन, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्राम, हमखास करतात, तर तो पत्ता भलतीकडे नेतो.

लिनक्सवर यापेक्षा खात्रीची सोय आहे: /प्रॉक/सेल्फ/एक्झे. ही लिंक चालू प्रोसेसच्या खऱ्या बायनरीकडे बोट दाखवते. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर यासाठी वेगळे कॉल आहेत. पण ही लिंक वापरताना आपल्याला जुनाच प्रोग्राम पुन्हा हवा आहे की नवा, हे आधी ठरवावं लागतं. चालू बायनरीवर थेट लिहायला लिनक्स नकार देतो, म्हणून पॅकेज मॅनेजर नवी फाइल शेजारी लिहितात आणि नाव बदलून जुन्या जागी बसवतात. जुनी फाइल नावाने नाहीशी होते, पण ती चालवणारी प्रोसेस असेपर्यंत डिस्कवर जिवंत राहते. अशा वेळी लिंकचा मजकूर वाचला तर पाथच्या शेवटी 'डिलीटेड' हा शब्द चिकटलेला दिसतो, आणि तो पाथ जसाच्या तसा एक्झेकला दिला तर फाइल सापडत नाही. मजकूर न वाचता लिंकच एक्झेकला दिली तर काम होतं, पण सुरू होतो तो जुना प्रोग्राम! अपग्रेडसाठी पुनरारंभ करत असाल तर हे नेमकं उलट झालं. माझं मत असं: अपग्रेड हवं असेल तर सुरुवातीलाच पूर्ण पाथ काढून जपून ठेवावा, आणि तोच कोड हवा असेल तर लिंक वापरावी. लिंक वापरली की टॉपसारख्या यादीत प्रोग्रामचं नाव नुसतं 'एक्झे' दिसू लागतं. यादीत असं नाव दिसलं तर घाबरू नका, पण चौकशी जरूर करा.

चौकशी करा म्हणतो, कारण या लिंकने एकदा मोठा घोर लावला होता. कंटेनर, म्हणजे प्रोग्रामसाठीची बंदिस्त खोली, सुरू करणारा रनसी हा प्रोग्राम कामाच्या ओघात कंटेनरच्या आतला प्रोग्राम एक्झेक करतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या त्रुटीत, कंटेनरच्या आतल्या प्रोग्रामच्या जागी /प्रॉक/सेल्फ/एक्झे या लिंककडे नेणारी वाट ठेवलेली असायची. त्यामुळे रनसी कंटेनरच्या आत स्वतःलाच पुन्हा चालवायचा, आणि आतला हल्लेखोर त्या लिंकमधून बाहेरच्या यंत्रावरची रनसीची खरी फाइल गाठून तिच्यावर लिहू शकायचा. दुरुस्ती झाली तीही पुनरारंभानेच. रनसी सुरू होताच स्वतःची प्रत मेमरीतल्या निनावी फाइलमध्ये काढू लागला, तिला सील लावून लिहिण्याची वाट बंद करून त्या प्रतीवर एक्झेक करू लागला. मग लिंक पकडली तरी हाती लागते ती सीलबंद प्रत.

स्क्रिप्टच्या बाबतीत ही लिंक स्क्रिप्टकडे न नेता इंटरप्रिटरकडे नेते. पायथनमध्ये सिस या मॉड्युलमधला एक्झेक्युटेबल आणि त्यापुढे आपली आर्ग्युमेंट असं द्यावं लागतं, पण इंटरप्रिटरला दिलेले पर्याय त्यात गळतात. ३.१० पासून ओरिग_आर्गव्ही या यादीत मूळ कमांड जशीच्या तशी मिळते.

एक्झेक यशस्वी झाला तर त्याच्यापुढची ओळ कधीच चालत नाही, कारण ती ओळच मेमरीत उरत नाही. म्हणून त्यापुढे फक्त अपयशाचा कोड लिहायचा: फाइल नाही, परवानगी नाही, वगैरे. परत येण्याची ही सोयही एका टप्प्यापर्यंतच. कर्नलने जुनी मेमरी सोडून दिल्यावर काही बिघडलं तर परत यायला ठिकाण नसतं, प्रोसेस तिथेच मारली जाते. आणि एक्झेक बफर रिकामे करत नाही. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर प्रिंटएफने लिहिलेल्या ओळी आधी बफरमध्ये साठतात, आणि एक्झेकआधी एफफ्लश केलं नाही तर त्या मेमरीबरोबर नाहीशा होतात. टर्मिनलवर मात्र त्या नीट दिसतात, म्हणून हे बराच वेळ लक्षात येत नाही.

नवी बायनरी सुरू होते पण कॉन्फिग वाचताना मरते, असंही होऊ शकतं. तेव्हा मागे कोणीच उरलेलं नसतं. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर यासाठी आधी फोर्क करतो. यूएसआर२ सिग्नल (सिग्नल म्हणजे प्रोसेसला बाहेरून दिलेला इशारा) मिळाला की जुना मास्टर, म्हणजे त्याची मुख्य प्रोसेस, एक मूल काढतो, ऐकणाऱ्या सॉकेटांचे क्रमांक एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहितो, आणि मूल नव्या बायनरीवर एक्झेक करतं. दोघं काही काळ एकत्र चालतात, नव्याचं बस्तान बसलं की जुन्याला निवृत्त करायचं. पीआयडी बदलतो, पण परतीची वाट राहते. पीआयडी टिकवण्याची सक्ती नसेल तर मी हाच मार्ग निवडेन.

आपण दुसऱ्या जन्मात आहोत हे प्रोग्रामला कळायलाही हवं, नाहीतर तो पुन्हा पुन्हा एक्झेकच करत बसेल. पीआयडी तोच असल्याने बाहेरून फक्त एक प्रोसेस प्रोसेसर खाताना दिसते. फाइलला कुलूप लावणाऱ्या फ्लॉक या कमांडच्या मॅन्युअलमध्ये यावरची एक सुरेख ओळ आहे. शेल स्क्रिप्टच्या माथ्यावर ती टाकली की स्क्रिप्ट आधी फ्लॉकर हा व्हेरिएबल बघते. त्यात स्वतःचं नाव नसेल तर ते घालून फ्लॉकच्या कुलपाखाली स्वतःलाच पुन्हा चालवते, असेल तर पुढे कामाला लागते.

शेवटी सिग्नल, कारण त्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. सिग्नलसाठी नेमलेले हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारी फंक्शन, एक्झेकमध्ये जातात, कारण ते मेमरीतले पत्ते आणि ती मेमरीच राहत नाही. दुर्लक्ष करायला सांगितलेले सिग्नल मात्र दुर्लक्षितच राहतात. नोहप हा प्रोग्राम याच नियमावर उभा आहे: हँगअपकडे (टर्मिनल बंद झाल्याच्या सिग्नलकडे) दुर्लक्ष कर असं सांगून तो तुमची कमांड एक्झेक करतो. आणि अडवून ठेवलेल्या सिग्नलांचा मास्कही टिकतो.

मी सीमध्ये लिहिलेला एक डीमन हँगअप सिग्नल मिळाला की स्वतःला पुन्हा सुरू करायचा. पहिल्यांदा किल केलं (सिग्नल पाठवणारी कमांड), झकास चाललं, नवं कॉन्फिग लागू झालं. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदाही नाही. लॉगमध्ये एरर नाही, प्रोसेस जिवंत. शेवटी /प्रॉकमध्ये त्या पीआयडीची स्टेटस फाइल उघडली. सिगबीएलके या ओळीत, म्हणजे अडवलेल्या सिग्नलांत, पंधरा शून्यं आणि शेवटी १. हँगअप हा सिग्नल क्रमांक १, त्याचाच तो बिट. वाट बघत असलेल्या सिग्नलांच्या एसएचडीपीएनडी ओळीतही तोच १. माझे सिग्नल पोचले होते, दाराशी उभे होते.

एक्झेक मी हँडलरच्या आतूनच केला होता. हँडलर चालू असताना कर्नल तो सिग्नल अडवून ठेवतो आणि हँडलर परतला की मोकळा करतो. माझा हँडलर कधी परतलाच नाही, आणि अडवलेला मास्क नव्या जन्मात तसाच आला. मग हँडलरमध्ये फक्त एक खूण करून परत यायचं आणि एक्झेक मुख्य लूपमधून करायचा, असा बदल केला. शिवाय मेनच्या सुरुवातीला हँडलर बसवून झाला की सिगप्रॉकमास्कने हँगअप मोकळा करायचा, कारण आपल्याला सुरू करणाऱ्याने कोणता मास्क देऊन पाठवलं आहे ते आपल्या हातात नसतं. पुन्हा किल केलं. दुसऱ्यांदा केलं. स्टेटसमध्ये सोळाच्या सोळा शून्यं आणि पीआयडी सकाळपासूनचाच.